उत्तर कोकणातील पतव्यवहार आणि ‘महाजन’ शब्दाचे तीन अर्थ

१

भिवंडी शहराला लागून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेलार हे गाव आहे. ठाणे जिल्ह्याच्या या भागातील इतर गावांप्रमाणे तेही मुळात भातशेतीचे. परंतु भिवंडीचा यंत्रमागाचा धंदा शहराच्या वेशीबाहेर पसरत गेला तसतशी मागांची वस्ती येथवर येऊन पोचली. या टापूत माग चालविणाऱ्या लहान कारखानदाराचा व्यवहार बहुतांशी एका ठरावीक रीतीने होतो. व्यापारी सूत देतो. कारखानदार ते विणून कोरे कापड परत करतो आणि कापडाच्या मापावर ठरलेली मजुरी घेतो. सुताचा धनी व्यापारी आणि कापडाचा धनीही व्यापारीच. बाजारात जी पत चालते ती व्यापाऱ्याच्या नावावर चालते. मागवाल्याच्या नावाला तेथे स्वतंत्र किंमत क्वचितच असते.

ही स्थिती केवळ चालू काळातील अर्थकारणाचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. ज्या मुंबई-आग्रा हमरस्त्यावर भिवंडी वाढली, त्याच रस्त्याने थळ घाट चढून नाशिकास गेले असता त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत सुमारे एकोणीस शतकांपूर्वीचा एक शिलालेख आढळतो. त्या लेखातील विणकर कोणाचे ऋणको नाहीत. राजकुळातील एक पुरुष आपली रक्कम विणकरांच्या संघाकडे कायमची ठेव म्हणून सोपवितो आणि तिचे व्याज संघाने दरसाल देत जावे असे ठरवितो. म्हणजे एके काळी या मार्गावर विणकर हाच पेढीवाला होता. तोच पुढे दुसऱ्याच्या पतीवर जगणारा मजुरीवाला कसा झाला, हा प्रश्न सराफीचा इतिहास आणि व्यापारी संघटनांचा इतिहास वेगवेगळे लिहून सुटत नाही. या दोन संस्था परस्परांत किती गुंतलेल्या होत्या, हे पाहिल्यावरच त्याचे उत्तर हाती लागते. तो गुंता उलगडण्यासाठी येथे ‘महाजन’ या एका शब्दाचे सूत्र धरले आहे.

२

‘महाजन’ हा शब्द आज निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या अर्थांनी वावरतो. उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालात महाजन म्हणजे व्याजबट्टा करणारा सावकार. गुजरातेत, आणि गुजराती व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत आलेल्या रूढीत, महाजन म्हणजे व्यापाऱ्यांची संघटित सभा. तेथे ‘महाजनाने ठरविले’ याचा अर्थ एका व्यक्तीने ठरविले असा होत नाही, सभेने ठरविले असा होतो. महाराष्ट्रात देशावरील व कोकणातील जुन्या कागदपत्रांत महाजन हा पेठेचा वतनदार अधिकारी आहे. ‘शेटे-महाजन’ हा जोडशब्द त्याच व्यवस्थेचा. गावाला जसे पाटील व कुलकर्णी, तसे पेठेला शेटे व महाजन, असे त्यांचे स्थान सामान्यतः सांगता येते.

सावकार, सभा आणि अधिकारी हे तीन अर्थ वरवर पाहता दूरचे वाटतात. परंतु अर्थपरिवर्तनाच्या दृष्टीने त्यांत विसंगती नाही. शब्दाचा मूळ गाभा ‘समुदायात ज्याचा शब्द चालतो तो’ असा आहे. मध्ययुगीन कन्नड कोरीव लेखांत अग्रहाराच्या ब्राह्मणसभेलाही महाजन म्हटले आहे. तेथे व्यापाराचा संबंध नाही, पण सभेचा आणि तिच्या शब्दाच्या वजनाचा संबंध आहे. हा गाभा बाजारात आला म्हणजे शब्दाच्या वजनालाच पत म्हणतात. ज्याचा शब्द चालतो त्याची हुंडी चालते. ज्यांचे शब्द चालतात त्यांची सभा होते. सभेच्या वतीने जो राजदरबारात बोलतो तो अधिकारी होतो. एकाच संस्थेच्या तीन बाजूंना तीन प्रदेशांनी एकच नाव दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

‘सावकार’ हा शब्दही याच दिशेने बोट दाखवितो. संस्कृत ‘साधु’ प्राकृतात ‘साहु’ झाला आणि मराठीत ‘साव’. ‘चोर आणि साव’ या जोडीतील साव तोच. सावकार म्हणजे ज्याच्या सचोटीविषयी चारचौघांना शंका नाही तो मनुष्य. धनाचा उल्लेख या शब्दाच्या मुळाशी नाही. चारचौघांच्या साक्षीचा आहे.

३

आता नाशिकच्या लेखाकडे वळावयाचे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावर लेणे कोरविले आणि तेथे राहणाऱ्या भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची ‘अखयनीवि’, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, दिली. ही रक्कम गोवर्धन येथील दोन ‘कोलिक-निकायां’कडे ठेवण्यात आली. गोवर्धन हे नाशिकजवळचे गाव गोदावरीच्या काठी आजही त्याच नावाने आहे. कोलिक म्हणजे विणकर, आणि निकाय म्हणजे संघ. प्राकृतात ‘कोलिअ’ शब्दाचे विणकर व जाळे विणणारा कीटक असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत विणकराचा अर्थ मागे पडला, पण कोळी हा कीटक आणि त्याचे कोळिष्टक भाषेत टिकून राहिले.

लेखातील हिशेब नेटका आहे. एका निकायाकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या दराने. दुसऱ्याकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि त्यातून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. गुणाकार बरोबर जुळतो. दुसऱ्या रकमेचे व्याज ९० कार्षापण होते, आणि ते भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी होते. मुद्दल परत करावयाचे नव्हते. केवळ व्याज भोगावयाचे होते. हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले, असेही लेख सांगतो. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णास ३५ कार्षापण, असा नाण्यांचा भावही दिला आहे.

या लेखात तीन पक्ष आहेत आणि तिघांचे काम वेगळे आहे. दाता पैसा देतो. विणकरांचा निकाय तो पैसा वापरतो, त्यावर आपला धंदा चालवितो आणि व्याज देतो. निगमसभा, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांची सभा, हा व्यवहार ऐकते आणि नोंदविते. दात्याने रक्कम एखाद्या श्रीमंत व्यक्तीकडे का ठेवली नाही, याचे उत्तर उघड आहे. व्यक्ती मरते, निकाय मरत नाही. ठेव अक्षय व्हावयाची तर ती घेणाराही अक्षय असला पाहिजे. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील नाशिकच्याच एका लेखात रुग्ण भिक्षूंच्या औषधांसाठी अशीच ठेव दिलेली आढळते. ती घेणाऱ्यांत कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे कारागीर आणि तेली यांच्या श्रेणी आहेत. जुन्नरच्या लेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणी दिसतात.

या काळातील पेढी म्हणजे कारागिरांची श्रेणी होती, आणि तिची पत निगमसभेच्या साक्षीवर उभी होती. कारागीर त्या सभेच्या कक्षेबाहेर नव्हता. हा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

४

घाटाखालच्या बाजूस याच काळात कल्याण व सोपारा ही बंदरे भरभराटीस आली होती. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे नेगम व सेठी दात्यांच्या रूपाने वारंवार येतात, आणि चेमुल, म्हणजे आजचे चौल, येथील एका हेरणिकाचा मुलगाही दाता म्हणून दिसतो. हेरणिक म्हणजे हिरण्याचा व्यवहार पाहणारा, सोन्यानाण्यांचा जाणकार. नाण्यांचा जाणकार व मालाचा व्यापारी यांची नावे एकाच भिंतीवर शेजारी यावीत, हे दोघांच्या सान्निध्याचे चिन्ह मानता येते.

शिलाहारांच्या राजवटीत या संबंधाला वेगळे वळण लागले. भिवंडी तालुक्यातील भादाणे गाव शिलाहार राजा अपराजित याने शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ मध्ये, लोनाड येथील लोणादित्याच्या देवालयास दिले. भिवंडीच्या आसपासची ही गावे त्या काळी राजाच्या दानपत्रांत येण्याइतकी नांदती होती. शिलाहारांच्या ताम्रपटांत ज्यांना उद्देशून आज्ञा केली जाते त्यांत ‘हंयमन-नगर-पौर-त्रिवर्ग’ असा एक उल्लेख येतो. ‘हंयमन’ हा शब्द फारशी ‘अंजुमन’शी जोडला जातो, आणि तो ग्राह्य धरल्यास पश्चिम किनाऱ्यावर परदेशातून येऊन वसलेल्या व्यापारी समाजाची सभा राजदरबारात मान्यता पावली होती असे ठरते. बाहेरून आलेल्या माणसालाही सभा करून पत मिळविता येत असे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

खारेपाटण येथे सापडलेला अनंतदेव याचा शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४ मधील ताम्रपट याहून स्पष्ट आहे. त्यात भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या नौकांना श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुल्य इत्यादी बंदरांतील जकात माफ केली आहे. भाभण हा एकाच वेळी अमात्य आहे आणि श्रेष्ठीही आहे. नाशिकच्या लेखात राजकुळाने कारागिरांकडे पैसा ठेवला होता. येथे राजा व्यापाऱ्याला सवलत देतो, आणि व्यापारी राज्यकारभारात बसलेला आहे. पतीचे केंद्र श्रेणीकडून श्रेष्ठीकडे, समूहाकडून घराण्याकडे सरकल्याचे हे लक्षण आहे. ‘श्रेष्ठी’पासून प्राकृत ‘सेट्ठि’, आणि त्यापासून मराठी ‘शेट’ व ‘शेटे’ ही परंपरा सरळ आहे. ‘श्रेणी’ या शब्दाला मात्र व्यापाराच्या क्षेत्रात मराठीत कोणी वारस उरला नाही. शब्दांचा हा वारसाहक्क संस्थांच्या वारसाहक्काशी जुळता आहे.

५

१६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मराठी राज्यात बाजारपेठेची व्यवस्था वतनी होती. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकार कौल देई, आलेल्या उदमी लोकांना काही वर्षे कर माफ करी, आणि वसाहत जमविण्याचे काम शेट्याकडे सोपवी. त्याबद्दल शेटे-महाजनांना दुकानांवर व येणाऱ्या मालावर हक्क मिळत. भाव, मापे व उदमी लोकांचे तंटे हेही त्यांच्याच नजरेखाली असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात साहुकारांसंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. राज्यास अडीअडचणीला उपयोगी पडणारा वर्ग म्हणून त्यांचा सांभाळ करावा, त्यांच्यासाठी पेठा वसवाव्यात, असा त्याचा आशय आहे. पेठ आणि पत या दोन गोष्टी राज्यकर्त्यांच्या मनात जोडलेल्याच होत्या.

व्यवहारात हा जोड तीन ठिकाणी दिसतो. पहिला नाण्यांच्या बाबतीत. अठराव्या शतकात अनेक टाकसाळींची नाणी एकाच वेळी चालत. अंकुशी, चांदवडी अशा रुपयांच्या किमतींत फरक असे. नाणे पारखणारा पोतदार आणि नाण्यांची अदलाबदल करणारा सराफ यांच्याशिवाय पेठेचा दिवस उगवत नसे. दोन नाण्यांतील फरकाला बट्टा म्हणत, आणि सराफाची मिळकत बव्हंशी त्यावर होती. दुसरा जोड सरकारी वसुलाचा. मामलेदाराने वर्षाच्या आरंभी सरकारात ‘रसद’ म्हणून आगाऊ भरणा करावा अशी रीत होती. तो पैसा तो सावकाराकडून उचली आणि पुढे वसूल आल्यावर फेडी. व्याजाखेरीज सावकाराला ‘मनोती’ मिळे. तिसरा जोड लष्करी मोहिमांचा. दूरच्या स्वारीला लागणारा पैसा हुंडीने जाई.

रसदेचा पैसा अखेर पिकावर अवलंबून असे, पीक पेठेत विकले जाई, आणि पेठेची खबर शेटे-महाजनांना असे. पीक कसे आहे, कोणत्या उदम्याचा माल अडकला आहे, कोणाची बोली फिरली आहे, ही माहिती म्हणजेच पतीचे भांडवल होते. ती माहिती एकट्या सराफाजवळ नसे. ती पेठेच्या समुदायात फिरत असे. म्हणून सराफाला पेठ सोडून राहता येत नसे आणि पेठेला सराफ सोडून चालत नसे.

६

हुंडीच्या परिभाषेत हे नाते जितके उघड होते तितके दुसऱ्या कशातही होत नाही. दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यावयाची ती मुदती. या भेदाचा आधार काळ आहे. दुसरा भेद पैसे कोणाला द्यावयाचे यावर आहे. शहाजोग हुंडीचे पैसे ‘शहा’लाच द्यावयाचे असतात, म्हणजे बाजारात ज्याला लोक ओळखतात आणि ज्याच्या सचोटीवर विश्वास आहे अशा व्यापाऱ्याला. परका मनुष्य हुंडी घेऊन आला तर त्याने प्रथम एखाद्या शहाला गाठले पाहिजे. हुंडी पुढे खोटी ठरली तर पैसे घेणारा शहा ते व्याजासह परत करण्यास बांधलेला असतो. हुंडी गहाळ झाल्यास दुसरी प्रत मिळते, तिला ‘पेठ’ म्हणतात. तीही गहाळ झाल्यास ‘परपेठ’.

शहा कोण हे कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेले नसे. ते बाजार ठरवी. म्हणजे पैशाच्या कागदाची खरी हमी त्या कागदावरील सहीत नव्हती. सही करणारा ज्या मंडळीत बसत असे त्या मंडळीत होती. नाशिकच्या लेखातील निगमसभेने जे काम फलकावर नोंद करून केले, तेच काम शहाजोग हुंडीत बाजाराची ओळख करीत होती. मुंबई प्रांतातील व्यापारी महाजनांनी या ओळखीला शिस्त लावली. नियम मोडणाऱ्याला महाजन दंड करी. दंड न भरणाऱ्याशी व्यवहार बंद होई, आणि व्यवहार बंद होणे म्हणजे पत संपणे. महाजनांचे धर्मादायही व्यापारावरील लाग्यांतून चालत. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये स्थापन झाली तेव्हा मालाच्या उलाढालीवर बसविलेल्या लाग्यांतून तिचा खर्च चालविण्याची व्यवस्था झाली. व्यापाराच्या ओघातून धर्मकार्याला अखंड उत्पन्न मिळावे, ही अखयनीवीचीच कल्पना नव्या रूपात आली होती.

तथापि एक फरक दृष्टीआड करून चालणार नाही. गोवर्धनच्या व्यवस्थेत ठेव घेणारे कारागीर होते. हुंडीच्या व्यवस्थेत शहा हा व्यापारी किंवा सराफ असे. विणकर, कुंभार, तेली हे या ओळखीच्या वर्तुळाच्या कडेला उभे होते. हुंडी त्यांच्या मालावर निघे, त्यांच्या नावावर निघत नसे.

७

एकोणिसाव्या शतकात सराफाच्या पायाखालची जमीन दोन बाजूंनी सरकली. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया चालू झाला, आणि कालांतराने बट्ट्याचे उत्पन्न आटले. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाच्या तेजीमुळे मुंबईत आलेला पैसा सट्ट्यात गेला. तेजी ओसरताच बँक खचली आणि १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. त्यानंतर १८७६ च्या कायद्याने प्रांतिक बँकांवर कडक बंधने घातली. स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्ज देऊ नये, आणि केवळ कागदावर पैसा द्यावयाचा तर त्यावर परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन नावांची जबाबदारी असावी, असे त्यांतील मुख्य नियम होते.

दोन नावांचा हा नियम सराफाच्या पथ्यावर पडला. बाजारातील लहान व्यापाऱ्याची हुंडी बँक थेट घेत नसे; तिच्यावर सराफाचे नाव चढले की ती बँकेत वटे. बँकेला सराफाची ओळख होती आणि सराफाला बाजाराची. अशा रीतीने जुना सराफ नव्या बँकेचा उंबरठा झाला. १८८१ च्या परक्राम्य पत्रकांच्या कायद्यानेही पौर्वात्य भाषांतील कागदांविषयीच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही. याच काळात ‘सराफ’ या शब्दाचाही संकोच झाला. इंग्रजी कचेऱ्यांत सराफ म्हणजे नाणी पारखून मोजणारा नोकर असा अर्थ रूढ झाला. पेढीचा धनी आणि बँकेचा पगारी पारखी एकाच नावाने ओळखले जाऊ लागले.

दख्खनमध्ये १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानंतर वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली; न्यायमूर्ती रानडे यांचे तिला पाठबळ होते आणि पुण्याचे सावकार एकत्र येऊन भांडवल घालण्यास तयार होते. भारतमंत्र्यांनी ती मान्य केली नाही. सावकारांच्या समुदायाला ऋणकोंबरोबर एका संस्थेत बसविण्याचा तो प्रयत्न तेथेच थांबला.

१८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून विस्थापित झालेले मुसलमान विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे आले आणि मालेगाव, भिवंडी या गावांत वसले. भिवंडी तोपर्यंत मुख्यतः तांदूळ, लाकूड व मासळीच्या व्यापाराचे गाव होते. आलेल्या विणकरांजवळ हातमाग व कसब होते. परंतु येथील पेठेत त्यांना शहा म्हणून ओळखणारा कोणी नव्हता. शिलाहारांच्या किनाऱ्यावर आलेल्या परक्या व्यापाऱ्यांनी आपली सभा राजाकडून मान्य करून घेतली होती. या विणकरांना त्यांच्या जमातीची पंचायत असली तरी तिच्या शब्दाला सराफाच्या वहीत जागा नव्हती. सूत उधारीवर देणारा व्यापारी हाच त्यांचा एकमेव सराफ ठरला.

८

१९३५ च्या १ एप्रिलला रिझर्व्ह बँक सुरू झाली. देशी सराफांना तिच्याशी कसे जोडावे, याचा विचार करणे तिच्यावर कायद्यानेच बंधनकारक होते. १९३७ मध्ये बँकेने एक योजना मांडली. किमान दोन लाख रुपये भांडवल असावे, हिशेब तपासणीस खुले असावेत, आणि सराफीखेरीज इतर धंदा सराफाने यथावकाश सोडून द्यावा, अशा तिच्या अटी होत्या. सराफांनी ती स्वीकारली नाही. या नकाराला केवळ हिशेब लपविण्याची वृत्ती कारण मानणे अपुरे होईल. सराफाने व्यापार सोडावा म्हणजे पेठ सोडावी, आणि पेठ सोडावी म्हणजे कोण शहा व कोण नाही हे कळण्याचे साधनच सोडावे. रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने जो दोष होता, तोच सराफाच्या पतीचा पाया होता. पुढे १९५४ च्या श्रॉफ समितीने आणि १९७२ च्या बँकिंग आयोगानेही हा दुवा जोडण्याचा विचार केला. प्रश्न मुळातून सुटला नाही.

त्याच वर्षांत पुण्यात जुने नाते नव्या घाटात उतरविण्याचा एक प्रयत्न यशस्वी झाला. १९३४ मध्ये आ. रा. भट यांच्या पुढाकाराने मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची संस्था स्थापन झाली. १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्र नोंदविण्यात आली, आणि ८ फेब्रुवारी १९३६ रोजी तिचा व्यवहार सुरू झाला. तिच्या संस्थापकांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक वा. गो. काळे होते. अधिकृत भांडवल दहा लाख रुपयांचे होते. लहान उद्योजकाला उभे करण्याचा हेतू दोन्ही संस्थांच्या मुळाशी होता. याच सुमारास साताऱ्यास युनायटेड वेस्टर्न बँक निघाली. सांगली बँक त्याआधी १९१६ मध्येच निघाली होती. या प्रांतिक बँकांचे बळ त्यांच्या इमारतींत नव्हते. गावातील व्यापारी, वकील, कारखानदार हेच त्यांचे भागधारक, ठेवीदार आणि कर्जदार होते. निगमसभा व निकाय यांचे काम एका छपराखाली पुन्हा आले होते, असे त्यांच्याविषयी म्हणता येईल. १९६९ च्या जुलैत बँक ऑफ महाराष्ट्राचे राष्ट्रीयीकरण झाले आणि तिचे स्वरूप बदलले.

९

भिवंडीत विजेचे माग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात आले. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर येथे वळले आणि मागांची संख्या लाखांत गेली. शेलारसारखी गावे या वाढीच्या पट्ट्यात आली. तेलंगणातील पद्मशाली, उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार यांनी वस्ती वाढविली. पतीची रचना मात्र हातमागाच्या काळातीलच राहिली. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि व्यापाऱ्याची उधारी बाजारातील सराफ, दलाल व अडत्ये यांच्या ओळखीवर. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मजुरी रोखीने चुकती करणारे अनेक माग काही काळ बंद पडले. बँकेचे दार गावात असणे आणि बँकेत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी उघड झाले.

या रचनेच्या तळाशीही एक पेढी आहे, आणि तिच्या नावाकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष जावे असे ते आहे. एकट्याने राहणाऱ्या मागकामगारांना जेवण देणाऱ्या खानावळीला भिवंडीत ‘बिस्सी’ म्हणतात. अशा अनेक बिस्स्या तेलुगुभाषक स्त्रिया आपल्या घरातून चालवितात. कामगार महिनाभर जेवतो आणि पगार झाल्यावर पैसे देतो. मराठीत ‘भिशी’ म्हणजे दरमहा वर्गणी गोळा करून आळीपाळीने उचलण्याचा व्यवहार. दोन्ही शब्द मुळात एकच असावेत, आणि दोन्हींत ओळखीच्या लोकांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास हेच भांडवल आहे. महिनाभराची उधारी सोसणाऱ्या त्या स्त्रीला किराणा दुकानदाराची उधारी घ्यावी लागते. तिच्या सोसण्याची नोंद कोणत्याही पेढीच्या वहीत होत नाही.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर बांधता येते. सराफ आणि व्यापारी संघटना यांचा संबंध हा दोन स्वतंत्र संस्थांचा बाहेरून जुळलेला संबंध नव्हता. पत म्हणजे सभेने ओळखलेले नाव. सराफ त्या ओळखीचा कागद करी. त्यामुळे सभेत कोणाला जागा आहे, या एका गोष्टीवर पैसा कोणाच्या हाती जाईल हे ठरत गेले. गोवर्धनच्या विणकरांना निगमसभेच्या साक्षीने जागा होती, म्हणून राजकुळाचा पैसा त्यांच्याकडे आला. भिवंडीच्या विणकराला पेठेत जागा मिळाली नाही, म्हणून त्याच्या मागावर दुसऱ्याचे सूत चढले. कसब दोघांचेही होते.

बँकांचे कायदे, सहकारी पतसंस्था आणि कर्जयोजना यांचा विचार करताना भांडवल किती व व्याज किती हे दोन प्रश्न नेहमी पुढे येतात. इतिहास तिसरा प्रश्न पुढे करतो: कर्ज घेणाऱ्याच्या नावाची साक्ष कोण देणार, आणि ती कोणत्या वहीत लिहिली जाणार. ‘महाजन’ शब्दाच्या तीन अर्थांपैकी सावकाराचा अर्थ आज सर्वांना ठाऊक आहे आणि अधिकाऱ्याचा अर्थ वतनांबरोबर गेला. उरलेला सभेचा अर्थ मागवाल्याच्या बाबतीत खरा होईल, तेव्हाच शेलारच्या मागावर चढणारे सूत विणणाऱ्याच्या नावाचे असेल.